मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर पुन्हा धुरकट: लेन्समागचं जाळं, याग लेझर आणि त्याआधीची तपासणी

दारव्हा तालुक्यातल्या एका शिक्षकभावांनी विचारलं आहे. आईचं वय 67. दोन वर्षांपूर्वी शिबिरात उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, लेन्स बसवली, दिसायलाही छान लागलं. आता पाच-सहा महिन्यांपासून त्याच डोळ्याने पुन्हा धुरकट दिसतं. तूर निवडताना खडा सापडत नाही, रात्री समोरून गाडी आली की नुसता उजेड पसरतो. शेजारी म्हणतात मोतीबिंदू परत आला. चष्म्याच्या दुकानात सांगितलं की शिबिरातली लेन्स खराब झाली, बदलावी लागेल. आईला बऱ्याच वर्षांपासून शुगर आहे, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू तसाच आहे, आणि "आता मले पुन्हा टेबलावर निजवू नोको" असं ती म्हणते. काय करावं?

भाऊ, पहिल्यांदा आईची भीती घालवा. तुम्ही लिहिलंय त्यावरून बहुतेक तिला टेबलावर निजावं लागणार नाही. मोतीबिंदू एकदा काढला की त्या डोळ्यात परत येत नाही. जे भिंग पांढरं पडलं होतं ते आता डोळ्यात उरलेलंच नाही, तर पुन्हा पिकणार काय? आणि आत बसवलेली लेन्स दोन वर्षांत सहसा विटत नाही. तिच्या मागे जाळं धरलं असण्याची शक्यता सगळ्यात जास्त आहे, आणि ते खुर्चीत बसवून काही मिनिटांत लेझरने मोकळं करता येतं. मात्र शुगर आहे म्हणून एक अट घालते: लेझरच्या आधी कोणीतरी आईचा रेटिना, म्हणजे डोळ्याच्या आतला मागचा पडदा, नीट बघितला पाहिजे. हे का, ते पुढे सविस्तर सांगते, कारण आमच्या भागात सगळ्यात जास्त नुकसान इथेच होताना मी बघते.

आधी हे जाळं येतं कुठून ते समजून घ्या. आपलं नैसर्गिक भिंग एका पातळ, पारदर्शक पिशवीत असतं. ऑपरेशनमध्ये या पिशवीच्या पुढच्या बाजूला गोल तोंड करतात, आतला गढूळ गर काढतात आणि त्याच पिशवीत कृत्रिम लेन्स बसवतात. पिशवीची मागची भिंत मुद्दाम शाबूत ठेवलेली असते. लेन्सला आधार तिचाच, आणि डोळ्याच्या मागच्या भागातली जेली पुढे येऊ नये म्हणून आडोसाही तिचाच. ही भिंत मधोमध जेमतेम 4 मायक्रॉन जाड असते, म्हणजे एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले चार. ऑपरेशन झाल्यावर ती काचेसारखी स्वच्छ असते, म्हणून तर पट्टी काढल्यावर माणूस "आता दिसलं बाप्पा" म्हणतो.

पण पिशवीच्या कडेला, आतल्या घडीत, भिंगाच्या जिवंत पेशी चिकटून असतात. कितीही निगुतीने धुतलं तरी त्यातल्या काही राहतातच. ऑपरेशनच्या जखमेमुळे त्यांना वाढायची चालना मिळते. त्या वाढत वाढत मागच्या भिंतीवरून मध्यभागाकडे सरकतात. काही पेशी लांबट होऊन आकसतात आणि त्या पातळ भिंतीला सुरकुत्या पाडतात, तिथे पांढरट पट्टे दिसतात. काही फुगतात आणि त्यांचे पुंजके होतात, त्यांना एल्शनिग पर्ल्स म्हणतात. स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून तपासायच्या यंत्रावर, बाहुली मोठी करून मागून येणाऱ्या लालसर उजेडात बघितलं, की भिजवलेला साबुदाणा काचेवर पसरून ठेवावा तसे हे गोल गोल दाणे दिसतात. प्रत्येक दाण्यावर उजेड फुटतो, फाकतो. रात्री समोरच्या गाडीचा दिवा आईला पसरलेला दिसतो तो यामुळे.

हे कोणाच्याही हातून झालेली चूक नाही. शिबिरातल्या सर्जनला बोल लावू नका. आपल्याकडे शिबिरांत बहुतेक ऑपरेशनं छोट्या छेदाची, टाका न घालता केलेली असतात. ती चांगली शस्त्रक्रिया आहे, आणि तिच्यामुळे विदर्भातल्या खेड्यापाड्यांतल्या असंख्य म्हाताऱ्या माणसांना पुन्हा दिसायला लागलं. हे खरं आहे की लेन्सच्या प्रकाराने फरक पडतो. कडा गोलसर असलेल्या जुन्या कडक लेन्सवर पेशी सहज चढून जातात. कडा चौकोनी, काटकोनात असली आणि पिशवीच्या पुढच्या तोंडाची किनार लेन्सवर चहूबाजूंनी बसली, तर पेशींना मध्यभागी यायला अडथळा होतो. पण अडथळाच तो, कायमचं कुलूप नाही. नागपूरला मोठे पैसे मोजून परदेशी लेन्स टाकलेल्यांनाही मी हे लेझर करते. 1998 मध्ये त्या काळातले अनेक अभ्यास एकत्र करून हिशोब मांडला गेला, त्यात ऑपरेशननंतर एका वर्षात सुमारे 12 टक्के, तीन वर्षांत 21 टक्के आणि पाच वर्षांत 28 टक्के डोळ्यांत हे जाळं आढळलं होतं. लेन्स सुधारल्या तसं प्रमाण उतरलं, पण थांबलेलं नाही. वय कमी असेल, डोळ्यात आधी सूज येऊन गेली असेल, ऑपरेशनच्या वेळी गराचा काही अंश आत राहिला असेल तर शक्यता वाढते.

लहान मुलांमध्ये तर हे जवळपास ठरलेलंच असतं. म्हणून अगदी लहान मुलांच्या मोतीबिंदूत मागची भिंत पहिल्याच ऑपरेशनमध्ये मधोमध उघडतात. ओळखीत एखाद्या लेकराचं ऑपरेशन झालेलं असेल तर घरच्यांना सांगा की तपासणीची एकही तारीख चुकवू नका. मुलाच्या डोळ्यापुढे काही महिने जरी पडदा राहिला तरी मेंदू त्या डोळ्याकडून बघणं शिकतच नाही, आणि ते नुकसान नंतर भरून निघणं फार अवघड असतं.

आता आईच्या तक्रारीकडे येते. हे जाळं हळूहळू वाढतं. महिन्यामहिन्याने नजर उतरते, धुक्यातून बघितल्यासारखं वाटतं, उन्हात डोळे दिपतात, सुईत दोरा जात नाही. दुखत नाही, लाल होत नाही, पाणी येत नाही. आणि सुरुवातीला काही दिवस तरी छान दिसलेलं असतं. या शेवटच्या गोष्टीला मी फार महत्त्व देते. ऑपरेशननंतर पहिल्या दिवसापासूनच नीट दिसलं नाही असं कोणी सांगितलं, तर कारण बहुतेक दुसरीकडे असतं: लेन्सचा नंबर चुकलेला, रेटिना आधीच खराब, काचबिंदूने नस सुकलेली. अशा डोळ्यात थोडंसं जाळं दिसलं म्हणून घाईने लेझर केलं तर दिसण्यात फरक पडत नाही, आणि मागची भिंत एकदा उघडली की पुढे लेन्स बदलायची वेळ आलीच तर ते ऑपरेशन कितीतरी जोखमीचं होऊन बसतं.

घरी एक साधी गोष्ट करून बघा. भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर आईला उभं करा, चष्मा असेल तर तो लावून. एक डोळा तळहाताने झाकून तारखा वाचायला सांगा, मग दुसरा. उजव्या डोळ्याने आकडे धूसर पण सरळ, पूर्ण दिसत असतील तर ते जाळ्याच्या चित्राशी जुळतं. रेषा वाकड्या दिसत असतील किंवा मधलाच आकडा गायब असेल तर रेटिनाचा विचार करावा लागतो. या घरगुती चाचणीने निदान होत नाही, पण डॉक्टरांना नेमकं काय सांगायचं ते कळतं. ही सवय सगळ्यांनीच लावून घ्यावी असं मला मनापासून वाटतं. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा वाईट डोळ्याची उणीव झाकतो आणि वर्षभर कोणाच्या लक्षातही येत नाही.

शुगरची गोष्ट इथे येते. मधुमेह जुना असेल तर रेटिनाच्या बारीक रक्तवाहिन्या पाझरायला लागतात आणि नजरेच्या मध्यबिंदूवर सूज येते. त्यानेही धूसरच दिसतं, दुखतही नाही. आता समजा डोळ्यात जाळंही आहे आणि सूजही. वरवर बघणाऱ्याला जाळं पटकन दिसतं. संत्र्याच्या बागेत राखणीला जाणारे एक काका माझ्याकडे आले होते. दुसरीकडे कुठेतरी त्यांना याग लेझर केलेलं होतं, भिंत छान मोकळी झालेली होती, आणि तरी त्यांना मोठी अक्षरंसुद्धा वाचता येत नव्हती. बाहुली मोठी करून मागे बघितलं तर मध्यबिंदू सुजलेला, आजूबाजूला रक्ताचे ठिपके. लेझरने फायदा नाही म्हटल्यावर "आता यापुढे एवढंच दिसणार" असं समजून ते घरी बसले होते, आणि सूज ओसरण्यासाठी जी इंजेक्शनं वेळेवर मिळायला हवी होती त्यात कितीतरी महिने गेले. याचं मला फार वाईट वाटतं, कारण थेंब टाकून वीस मिनिटं थांबायचं आणि मागे बघायचं, एवढंच करायचं राहिलं होतं. जाळं दाट असेल आणि आत बघताच येत नसेल तर सोनोग्राफीने रेटिना जागेवर आहे का ते कळतं, आणि लेझरने वाट मोकळी झाल्यावर रेटिना पुन्हा नीट बघायचा असतो.

म्हणून जिथे जाल तिथे स्पष्ट विचारा: "डॉक्टर, बाहुली मोठी करून आईचा रेटिना बघितला का? शुगरचा परिणाम आहे का?" विचारण्यात संकोच करू नका. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही.

लेझरबद्दल सांगते, म्हणजे तुम्ही आईला समजावू शकाल. याला याग लेझर म्हणतात. 1980 च्या आसपास पॅरिसमध्ये डॅनिएल आरों-रोझा आणि स्वित्झर्लंडमध्ये फ्रान्झ फँकहाउजर यांनी हे तंत्र डोळ्यासाठी उभं केलं. त्याआधी याच जाळ्यासाठी डोळ्यात सुई घालून छेद द्यावा लागे. या लेझरचा किरण 1064 नॅनोमीटरचा, डोळ्याला न दिसणारा. म्हणून नेम धरायला सोबत लाल ठिपका सोडलेला असतो. किरण जिथे केंद्रित होतो तिथे एका सेकंदाच्या काही अब्जांशांत सूक्ष्म स्फोट होतो आणि त्या धक्क्याने भिंत फाटते. तो जाळत नाही, कापतो म्हणा.

प्रत्यक्षात काय होतं? थेंब टाकून बाहुली मोठी करतात, रक्तदाब बघतात, डोळा बधिर करायला एक थेंब टाकतात. आई स्लिट लॅम्पसारख्याच यंत्रासमोर स्टुलावर बसेल, हनुवटी टेकवेल, कपाळ पट्ट्याला लावेल. बहुतेक वेळा डोळ्यावर एक छोटी काच ठेवतात, तिने पापणी उघडी राहते आणि नेम पक्का बसतो. मग टक्, टक् असा आवाज आणि लाल-पांढरी चमक. दुखत नाही. मी 1 ते 2 मिलिज्यूल इतक्या कमी शक्तीने सुरू करते आणि नेम भिंतीच्या किंचित मागे धरते, नाहीतर लेन्सवर बारीक खड्डे पडतात. भिंत जिथे ताणलेली असते तिथे आडवा छेद दिला की ती आपल्याच ताणाने दोन्ही बाजूंना सरकते आणि मध्ये काळंभोर, स्वच्छ भोक उघडत जातं. साधारण 3 ते 4 मिलिमीटर उघडलं की पुरतं. या वेळी आईने करायचं एकच काम आहे: कपाळ मागे घ्यायचं नाही. कमरेचं किंवा मानेचं दुखणं असेल तर आधी सांगा, स्टूल त्याप्रमाणे खालीवर करता येतं. कंपवात असेल तर डोकं धरायला सोबतच्या माणसाला मागे उभं करतात.

पट्टी बांधत नाहीत. डोळ्याला बाहेरून जखमच होत नाही. त्यामुळे डोक्यावरून आंघोळ बंद, तुरीचं वरण बंद, चूल बंद, असं काहीही पाळायचं नाही. दुसऱ्या दिवशी ती घरचं काम करू शकते. त्या दिवशी बाहुली मोठी असल्याने उजेड सहन होत नाही, तर काळा चष्मा किंवा पदर-छत्री जवळ ठेवा, आणि वैशाखातली दुपार असेल तर ऊन उतरल्यावरच निघा. ज्यांना स्वतः दुचाकी चालवत यायची सवय आहे त्यांनी त्या दिवशी कोणालातरी सोबत आणावं.

काही तासांत डोळ्याचा दाब वाढू शकतो. म्हणून दाब उतरवणारा थेंब टाकतात आणि तासाभराने दाब मोजतात. एस.टी. सुटेल म्हणून या मोजणीआधी उठून जाऊ नका, विशेषतः काचबिंदू असलेल्यांनी. काचबिंदूचे रोजचे थेंब तर लेझरच्या दिवशीही बंद करायचे नाहीत. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या या लेझरसाठी थांबवाव्या लागत नाहीत, त्या आपल्या मनाने बंद करू नका. सूज कमी करणारे थेंब काही दिवस देतात, ते सांगितले तितके दिवस टाका.

नजर बहुतेकांची एक-दोन दिवसांत उघडते. डोळ्यापुढे काळे कण, धागे तरंगतात, ते फाटलेल्या भिंतीचे तुकडे असतात आणि काही दिवसांत, कधी काही आठवड्यांत, विरत जातात. पण एक धोका खरा आहे आणि तो लपवणार नाही. लेझरनंतर थोड्या लोकांत रेटिना सुटतो. हे प्रमाण कमी आहे, पण ज्यांना तरुणपणापासून जाड उणे नंबरचा चष्मा होता किंवा दुसऱ्या डोळ्याचा रेटिना आधी सुटलेला आहे त्यांच्यात जास्त. हे काही महिन्यांनीही होऊ शकतं. अचानक विजेसारख्या चमका दिसू लागल्या, काळ्या ठिपक्यांचा पाऊस पडला किंवा एका बाजूने काळी सावली सरकत आली, तर त्याच दिवशी निघायचं. सोयाबीन काढून झाल्यावर जाऊ असं त्यात चालत नाही. तसंच डोळा लाल होऊन दुखत असेल आणि नजर एकदम गेली असेल, मग लेझर झालेलं असो वा नसो, ते जाळं नव्हे. तिथे तासांचा हिशोब असतो.

जाळ्याला मात्र एवढी घाई नसते. कापसाची वेचणी चालू आहे, घरात माणूस नाही, तर दोन-चार आठवड्यांनी काही बिघडत नाही. ऑपरेशन ताजं असेल तर आम्ही स्वतःच काही महिने थांबतो. पण दोन-चार आठवड्यांची दोन वर्षं होऊ देऊ नका. "वय झालं, आता असंच" म्हणून आमच्या गावांतली म्हातारी माणसं मुकाट्याने बसतात, विशेषतः बाया, कारण त्यांना तालुक्याला न्यायला कोणीतरी मोकळं व्हावं लागतं. मग अंधारात पहाटे बाहेर जाताना पाय कशावर पडतो ते दिसत नाही, ओट्यावरून पडून खुब्याचं हाड मोडतं. काही मिनिटांच्या कामासाठी हे सोसायचं कारण नाही.

थेंबांनी हे जाळं जात नाही. मध, कांद्याचा रस, कोणी दिलेला अर्क, काहीही डोळ्यात टाकू नका. नवा चष्माही उपयोगाचा नाही. जाळं असताना काढलेला नंबर लेझरनंतर उगाच वाया जातो, तेव्हा चष्मा करायचाच असेल तर लेझर होऊन नजर स्थिरावल्यावर करा. जवळचं वाचायला, निवडायला चष्मा लागणारच, तो लेझरने सुटत नाही. एकदा मोकळी झालेली भिंत पुन्हा बंद होणं क्वचितच घडतं.

जायचं कुठे? तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी असतात, पहिली नजर-तपासणी तिथे होते आणि पुढची चिठ्ठी मिळते. तुम्हाला यवतमाळचं शासकीय मेडिकल जवळ. त्या पलीकडे अकोला, नागपूरचं मेडिकल आणि मेयो, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, इथे नेत्रविभाग आहेत. ज्या संस्थेने शिबिर घेतलं होतं तिच्या मूळ दवाखान्यातही विचारा, त्यांच्याकडे आईची नोंद असते. निघण्याआधी फोन करून दोनच गोष्टी विचारा: याग यंत्र चालू आहे का, आणि लेझर कोणत्या वारी करतात. नुसत्या चकरा मारून लोक कंटाळतात आणि मग येतच नाहीत.

सोबत ऑपरेशनचं कार्ड न्या. त्यावर लेन्सचं छोटं स्टिकर लावलेलं असतं, त्यात लेन्सचा प्रकार आणि नंबर असतो. ते मला दहा प्रश्नांची उत्तरं देतं. पावसाळ्यात कार्ड भिजतं, उंदीर कुरतडतात, म्हणून आजच मोबाइलमध्ये दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवा. शुगरचे आणि रक्तदाबाचे अलीकडचे रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं, जुना चष्मा हेही पिशवीत टाका. शुगरची गोळी आणि जेवण त्या दिवशी चुकवू नका, यासाठी उपाशी राहावं लागत नाही.

लेन्स बदलायचा सल्ला कोणी पुन्हा दिला तर विचारा की लेन्स जागेवरून सरकली आहे का, की तिचा नंबर चुकला आहे. दोन्ही नसेल तर बदलण्याची गरज सहसा नसते.

आणि त्याच खेपेत डाव्या डोळ्याचीही बाहुली मोठी करून घ्या. शुगरवाल्या माणसाचे दोन्ही रेटिना वर्षातून एकदा बघायचेच असतात. मोतीबिंदू फार पिकला की मागचं दिसेनासं होतं आणि ऑपरेशनही अवघड होतं. मी असते तर आधी उजव्या डोळ्याचं लेझर केलं असतं, तो डोळा कामाला लागू दिला असता आणि शुगर आटोक्यात आणून मग डाव्या डोळ्याची तारीख दिली असती. त्या वेळी आईला टेबलावर निजावं लागेल हे खरं, पण तोवर एका डोळ्याने तिला स्वच्छ दिसत असेल, आणि जायचं की नाही ते तीच ठरवेल.